दुसरं बटण

९ जानेवारी

खारट भाऊजींना नमस्कार.

आपली भेट कधी झालेली नाही, तरी गेली तीन वर्षं तुम्ही आमच्या घरात आहात. ह्यांचा फोन आला की दर दुसऱ्या वाक्यात खारट. खारटने आज भाजी करपवली, खारटने मोठ्या साहेबांच्या चहात दोनदा साखर घातली. मी इथे काय केलं हे विचारायला वेळ उरत नाही. तुमच्या पलटणीत ह्यांना वस्ताद म्हणतात, बंद पडलेला कुठलाही ट्रक हे चालू करतात म्हणून, हेसुद्धा मला ह्यांनी सांगितलं नाही. ह्यांच्या एका पत्राच्या पाठीवर तुम्ही दोन ओळी खरडल्या होत्या, त्यावरून कळलं.

तर मी वस्तादची बायको. फोनवर विचारलं असतं, पण तुमच्या शेजारी हेच उभे असणार, म्हणून भटारखान्याच्या पत्त्यावर लिहिते आहे.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन आहे आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे माझ्या हाताखालून जातात. गेल्या तीन सुट्ट्या मी बघते आहे, ह्यांच्या गणवेशाच्या एका शर्टाचं वरून दुसरं बटण नसतं. पहिल्या वेळी वाटलं, पडलं. शिवलं. पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच. आताही तेच. बाकीची सगळी जागच्या जागी, फक्त छातीवरचं तेवढं गायब. भाऊजी, बटण झिजून पडलं तर दोऱ्याची टोकं पिंजलेली असतात. ही टोकं आखूड आणि ताठ होती. कुणीतरी हिसडा देऊन तोडलेलं आहे.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "पडलं असेल कुठेतरी," आणि नजर चुकवली. माझा नवरा नजर चुकवणारा माणूस नाही. इंजिनाकडे आणि माझ्याकडे तो सारखाच सरळ बघतो. त्यातच एका गिऱ्हाईक बाईने माझ्या डोक्यात किडा सोडला. म्हणाली, पुरुषाची आठवण जवळ ठेवायची असली की काही बायका अशी बटणं मागून घेतात.

मी संशयी नाही. सासूबाई म्हणतात आहे, पण त्यांना मी शिवलेल्या बाह्यासुद्धा तोकड्या वाटतात. मला एवढंच सांगा, ती कोण आहे? कपडे धुणारी आहे, दवाखान्यातली आहे, की छावणीच्या फाटकासमोर दुकान आहे तिचं?

तुम्ही नाही सांगितलंत तरी माझा बंदोबस्त मी केला आहे. तिन्ही शर्टांची दुसरी बटणं पिशव्या शिवायच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवली आहेत. चार पदरी, आतून कापडाचा तुकडा लावून, बारा वेढे, वर तीन गाठी. आता काढून दाखव म्हणावं त्या भवानीला.

वस्तादची बायको


२१ जानेवारी

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मी कणकेच्या हाताने उघडलं, त्यामुळे निम्मं चिकटलं. उरलेलं वाचून घाम फुटला. वहिनी, इथे ती कुणी नाही. कपडे धुणारा सहा फुटी गडी आहे आणि त्याच्या मिशा बघून ट्रकसुद्धा मागे सरतो. फाटकासमोर दुकान आहे ते सायकलच्या पंक्चरचं. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई महिन्यातून दोनदा येतात, पण त्या माझ्या आईच्या वयाच्या.

बटणाचं म्हणाल तर धुलाईला कपडे दगडावर आपटतात. माझीही दोन-चार गेली आहेत.

एक विचारू? दोरा नायलॉनचाच लागत होता का? साधा सुती नसता चालला? इतकं घट्ट शिवलेलं बटण कापड फाडतं असं माझी आई म्हणायची. पुढच्या वेळी एवढे कष्ट घेऊ नका.

आणि सुट्टीत वस्तादला झोप कशी लागत होती? जेवत होता का नीट? माझ्या हातचं खाऊन त्याची जीभ मेली असेल, म्हणून आपलं विचारतो. सवडीने कळवा. लवकर कळवलंत तर बरं.

आपला,
खारट


२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही स्वयंपाकात कसे आहात मला ठाऊक नाही, पण खोटं बोलण्यात अगदीच कच्चे आहात. दगडावर आपटलेलं बटण आधी फुटतं, मग पडतं. मी वीस वर्षं बटणं शिवते आहे.

आणि माझा नवरा झोपतो कसा, हे तुम्हाला कशाला हवं? ते मी बघेन. तुमच्या काळजीचा मला राग आला, खरं तेच सांगते.

पण तुम्ही विचारलंतच तर ऐका, म्हणजे तुमच्या मित्राचे गुण तुम्हालाही कळतील. ह्या सुट्टीत हे कधी नव्हे इतके गोड वागले. सासूबाईंशी एकदाही वाद नाही. मशीनचा पट्टा बदलून दिला, वर मला तो बदलायला शिकवला. पाण्याचा पंप कसा उघडायचा ते दोनदा शिकवलं. घराची सगळी कागदपत्रं एका पिशवीत घालून पिशवी माझ्या हातात दिली. हातातलं घड्याळ, आमच्या लग्नातलं, काढून माझ्या धाकट्या भावाच्या मनगटाला बांधलं. मी चिडले तर हसून म्हणाले, "मला आता वेळ बघून काय करायचंय?" आणि निघताना दारात म्हणाले, "तुला सगळं येतं आता. माझ्यावाचून काही अडणार नाही तुझं."

आता तुम्हीच सांगा, असं कोण करतं? जो माणूस दुसरीकडे बिऱ्हाड मांडायला निघालाय, तोच असं मागचं सगळं आवरून जातो. मी सासूबाईंसमोर रडले नाही. मशीन जोरात चालवलं की कुणाला ऐकू येत नाही.

तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तुम्ही त्याला पाठीशी घालताय. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि माझ्या नवऱ्याच्या मनातलं तुम्हाला ठाऊक, त्या बाईला ठाऊक, एक मलाच तेवढं ठाऊक नाही. माझ्या जिवाची नुसती आग होते आहे. नाव सांगा तिचं.

वस्तादची बायको


११ फेब्रुवारी

वहिनी,

आधी हे वाचा: वस्ताद सुखरूप आहे. जेवला आहे, झोपला आहे. हे पत्र पोचेपर्यंत डॉक्टरीणबाईंचा फोन तुम्हाला आलेला असेल. तरीही हे मी लिहायलाच हवं. मी दिलेला शब्द मोडतो आहे, आणि तो मोडल्याचं त्याला सांगितलं आहे.

बाई कुणीही नाही. तुमची तिन्ही बटणं माझ्याकडे आहेत. भटारखान्याच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे.

तीन वर्षांपूर्वी आमच्यातला एक कारकून गेला. त्याने स्वतःच स्वतःला संपवलं. आम्हा सगळ्यांना हसवणारा पोरगा. आदल्या दिवशी जेवणाच्या रांगेत त्याने माझी नक्कल केली होती, मी हसलो होतो. नंतर डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, मनात असं काही आलं तर या, बोला, ह्यावर इलाज आहे. कुणी गेलं नाही. कागदावर शेरा बसेल, बंदूक काढून घेतील, लोक हसतील, अशी ज्याची त्याची भीती. आणि बोलायचं म्हणजे तरी काय? आम्हाला पंक्चर झालं म्हणता येतं, हे कसं म्हणायचं ते कुणी शिकवलेलं नाही.

तेव्हा मोठ्या साहेबांनी डॉक्टरीणबाईंशी बोलून एक ठरवून दिलं. प्रत्येकाने आपला एक जोडीदार निवडायचा. ज्या दिवशी जीव नकोसा होईल त्या दिवशी शब्द शोधत बसायचं नाही. शर्टाचं दुसरं बटण तोडायचं आणि जोडीदाराच्या तळहातावर ठेवायचं. त्याने काही विचारायचं नाही. आपलं काम सोडून दिवसभर त्याच्याजवळ राहायचं, त्याचा बंदुकीचा पहारा दुसऱ्याला लावून घ्यायचा आणि त्याची डॉक्टरीणबाईंशी गाठ घालून द्यायची. त्याच्या कागदावर शेरा बसत नाही. घरी कळवायचं नाही, हे आम्हीच आमच्यात वाढवलं. ते चुकलंच, आता कळतंय.

वस्तादचा जोडीदार मी. त्याने मला तीन वेळा बटण दिलं. तीनही वेळा मी त्याला वाटाणे सोलायला बसवलं.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. घड्याळाचं वाचलं तेव्हा मी चुलीपाशी उभा होतो. असं आवरून जाणारा माणूस आम्ही एकदा बघितला आहे, वहिनी. कारकुनानेही जाण्याआधी आपला रेडिओ वाटून टाकला होता. चुलीवरचं तसंच टाकून मी धावलो. वस्ताद गाड्यांच्या शेडमध्ये ट्रकच्या चाकाला टेकून बसला होता. चार वाजता त्याचा पहारा होता. उजव्या हाताची दोन बोटं सोलवटून रक्ताळली होती. सकाळपासून तो ते बटण ओढत होता. निघत नव्हतं.

तिसरं का नाही तोडलं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. त्या वेळी माणसाचं डोकं तेवढंच चालतं. ठरलंय ते दुसरं. ते निघेना, तेव्हा त्याला वाटलं, आता हेही आपल्याला जमत नाही.

मी ते भाजीच्या सुरीने कापलं. चारही पदर एकेक करून कापावे लागले. मग त्याला घेऊन दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरीणबाई येईपर्यंत त्याचा हात धरून बसलो. त्याला आता काही आठवडे तिथेच ठेवणार आहेत.

स्वतःला दोष लावून घेऊ नका. पत्र तुम्ही रागाने लिहिलंत म्हणून घड्याळाचं कळलं. मायेने लिहिलं असतंत तर कदाचित मला काळजी नको म्हणून गाळलं असतंत.

खारट


२६ फेब्रुवारी

भाऊजी,

चार दिवस ह्यांच्याजवळ राहून परत आले. दवाखान्याच्या खिडकीतून तुमच्या भटारखान्याचं धुराडं दिसत होतं. मुद्दाम तिकडे फिरकले नाही. तुमच्यापुढे उभी राहिले असते तर पाया पडले असते की तुमची गचांडी धरली असती, माझं मलाच ठरवता येईना.

आधी ते बोटांचं. ती दोन बोटं मी बघितली. पट्टी काढताना तिथेच होते. माझ्या हाताला सफाई आहे म्हणून गल्लीभर नाव आहे माझं. घरी आल्यावर नायलॉनचं ते रीळ उचललं आणि कचऱ्यात टाकलं, मग पुन्हा बाहेर काढून दोऱ्याचे कात्रीने तुकडे तुकडे केले. सासूबाई बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल.

आता दुसरं. बाई असती तर बरं झालं असतं हो. तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, माझ्यापेक्षा दिसायला बरी आहे का ते बघितलं असतं. तुमचं काय करू? तुम्ही माझा नवरा वाचवलात आणि मला तुमचा हेवा वाटतो. लाज वाटते लिहायला, पण वाटतो. तीन बटणं. आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तीन दिवशी त्यांना आठवलं ते करपलेल्या भाजीवालं तोंड. मी घरात बसून काजं करत होते. मला त्यांनी काय दिलं? कागदांची पिशवी आणि पंपाची किल्ली.

मी ह्यांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? हे भिंतीकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी मला हळूच बाहेर नेलं. म्हणाल्या, आत्ता उत्तर मागू नका, नुसत्या जवळ बसा. मला नुसतं बसता येत नाही. माझे हात चालू लागतात.

तुम्ही काय करता? बटण दिल्यावर तुम्ही त्यांना म्हणता तरी काय? ती युक्ती मला सांगा. मला ती हवी आहे.

वस्तादची बायको


९ मार्च

वहिनी,

युक्ती काही नाही. मी काहीच म्हणत नाही. टोपली मध्ये ठेवतो, अर्धे वाटाणे त्याच्याकडे सरकवतो. मध्येच तो म्हणतो, किडका आहे. मी म्हणतो, टाकून दे. दिवसभरात एवढंच.

तुम्हाला का नाही, हे मी त्याला पहिल्याच वेळी विचारलं होतं. तो म्हणाला, "जगात एकच माणूस मला अजून वस्ताद समजतो, ती. तिच्यापुढे मला मोडका व्हायचं नाही." तुम्ही बिनमहत्त्वाच्या होतात म्हणून नव्हे. मी मोडका आहे हे त्याला माहीत आहे, म्हणून माझ्यापुढे चालतं. मीही त्याला एकदा बटण दिलेलं आहे.

आता तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहितो. हेवा मलाही वाटतो, तुमचा. सुट्टी जवळ आली की वस्ताद बूट दोनदा चमकवतो आणि शिट्टी वाजवतो. माझ्याशी बोलताना त्याने कधी शिट्टी वाजवली नाही. तुम्ही शिवलेली बटणं मी हातात घेऊन बघतो. मागच्या बाजूला तुम्ही दोऱ्याचं इवलंसं फूल करता, शर्टाच्या आत, जिथे कुणाला दिसणार नाही. माझी बटणं मीच शिवतो. आई गेल्यापासून घर असं नाही. सुट्टीत मी छावणीतच राहतो, दुसऱ्यांच्या पाळ्या करतो.

भटारखाना सध्या फार शांत आहे. वाटाणे एकट्याला पुष्कळ होतात.

खारट


२९ मार्च

भाऊजी,

हे दोन महिन्यांच्या आजारपणाच्या सुट्टीवर घरी आले आहेत. गोळ्या वेळेवर घेतात, मंगळवारी फोनवर डॉक्टरीणबाईंशी दार लावून बोलतात. दारामागे हसल्याचा आवाज आला तर माझ्या पोटात अजून दुखतं. माझा स्वभाव काही दवाखान्यात जाऊन आलेला नाही.

बाकीचा वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. मी ह्यांच्या घरच्या सगळ्या शर्टांची दुसरी बटणं उसवून एकपदरी सुती दोऱ्याने शिवली. दोनच टाके, गाठ नाही. नुसती फुंकर मारली तरी निघावीत. परिणाम असा की दोन बटणं धुण्यात आपोआप पडली. एक परवा मोरीपाशी सापडलं, तर मी वेड्यासारखी ह्यांच्यापुढे हात पसरून उभी राहिले. हे म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "काही नाही."

मला अजून मिळालेलं नाही. तुम्हाला तीन मिळाली. मिळूच नये असं वाटायला हवं ना मला? चांगल्या बाईला तसंच वाटलं असतं.

दोन आठवड्यांत तुमची चिठ्ठी नाही. लिहा.

वस्तादची बायको


१४ एप्रिल

(पाकिटात एक कोरा कागद, चार घड्या घातलेला. घडीत एक बटण.)


२५ एप्रिल

खारट भाऊजी,

बटण कधी पोस्टाने पाठवतात का हो? आठ दिवस! आठ दिवस ते पाकीट कुठल्या कुठल्या पिशवीत हिंडत होतं, आणि तुम्ही तिथे एकटे. तळहातावर ठेवायचं असतं, तुम्हीच मला शिकवलंत. तळहात लांब असला तर फोन उचलायचा. माझा, डॉक्टरीणबाईंचा, मोठ्या साहेबांचा, कुणाचाही. आता डॉक्टरीणबाईंपाशी आहात म्हणून आधी रागावून घेते.

शुक्रवारी पाकीट उघडलं तेव्हा मी मशीनवर होते. बटण मांडीवर पडलं. दोऱ्याची टोकं आखूड आणि ताठ. मला एक शब्दही वाचायला लागला नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, मग मोठ्या साहेबांना, आणि साहेबांना सांगितलं, तुमचा माणूस भटारखान्यात पोचेपर्यंत मी फोन ठेवणार नाही. वीस मिनिटं कान दुखेपर्यंत धरून होते. मग तुम्हीच आलात फोनवर. "वहिनी, दूध उतू गेलं," एवढंच म्हणालात आणि रडलात. मी काही विचारलं नाही. नियम मला पाठ आहे.

फोन ठेवला तर हे मागे उभे. महिन्यात पहिल्यांदा स्वतःहून खुर्चीतून उठले होते. माझ्या हातातलं बटण बघितलं, पाकीट बघितलं. म्हणाले, "खारटने तुला पाठवलं? माझा जोडीदार आहे तो. मला सोडून तुला?" भाऊजी, तो चेहरा तुम्ही बघायला हवा होतात. मी तो ओळखला. तीन महिने रोज आरशात बघत होते. मी हसायला लागले, मग रडायला लागले. मी म्हटलं, "आता कळलं कसं वाटतं ते?" संध्याकाळी ह्यांनी माझ्या भावाकडे जाऊन घड्याळ मागून आणलं. म्हणाले, खारटच्या भेटीच्या वेळा पाळायच्या तर घड्याळ लागेल.

हे सगळं आटोपलं म्हणून मी निश्चिंत झाले होते. काल सकाळी दहाच्या सुमाराला मी एका बाहीला चुण्या घालत होते. समोर गिऱ्हाईक बसलेलं. हे आले, मशीनच्या पाटावर काहीतरी ठेवलं. पुन्हा उचललं. मग माझा डावा हात धरून उलटा केला आणि तळहातावर ठेवलं.

निळ्या शर्टाचं होतं.

इतके दिवस मी ह्याच्यासाठी जळत होते. हातात आलं आणि बाही सुईखाली तशीच सोडली. हे असं जड असतं हे तुम्ही कधी लिहिलं नाहीत. तीन वेळा तुम्ही हे एकट्याने उचललंत. हेवा कसला करत होते मी?

गिऱ्हाइकाला म्हटलं, आज दुकान बंद. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या ह्यांच्याशी बोलल्या. मग सासूबाईंना वाटाणे आणायला पिटाळलं. टोपली मध्ये ठेवली, अर्धे ह्यांच्याकडे सरकवले. माझे हात चालू होते, तरी मी नुसतीच बसले होते. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "किडका आहे."

मी म्हटलं, "टाकून द्या."

आज बरे आहेत. गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला येतील, तेव्हा हे पत्र स्वतःच घेऊन येतील आणि दिवसभर तुमच्याजवळ बसतील. तुमचं बटण आणि ह्यांचं बटण मी सुयांच्या डबीत शेजारी शेजारी ठेवलं आहे. परतताना ह्यांच्याजवळ तुमचे शर्ट पाठवून द्या, असतील तेवढे सगळे. एकपदरी शिवीन, आणि आतून फूल करीन.

तुमची वहिनी